तपासण्या शेकड्यांनी, खटले शून्य : इंग्लंडमधील जुने आरोग्य अहवाल कसे वाचावेत?

टिपणवही

गेले काही महिने मी इंग्लंडमधील छोट्यामोठ्या नगरपालिकांच्या आरोग्याधिकाऱ्यांचे १९०० ते १९१४ या काळातील वार्षिक अहवाल वाचत आहे. गाव कोणतेही असो, अहवालाचा साचा जवळपास एकच असतो. सुरुवातीला लोकसंख्येचा अंदाज, जन्म आणि मृत्यू येतात, मग साथीच्या रोगांची चर्चा, पाणीपुरवठा, मैल्याची विल्हेवाट, आणि अगदी शेवटी सॅनिटरी इन्स्पेक्टरचा तक्ता. या तक्त्यापाशी मी अडलो आहे.

तक्त्यात किती घरे पाहिली, किती 'उपद्रव' आढळले, किती अनौपचारिक सूचना दिल्या, किती कायदेशीर नोटिसा बजावल्या आणि किती खटले भरले, असे रकाने असतात. पहिले दोन-तीन आकडे शेकड्यांत, मोठ्या गावी हजारांत असतात. कायदेशीर नोटिसांपाशी ते एकदम आक्रसतात. आणि खटल्यांच्या रकान्यात वर्षानुवर्षे शून्य, फार तर एक-दोन. हे शून्य कसे वाचावे, हे मला कळत नाही. निरीक्षकाचा दरारा एवढा होता की कोर्टापर्यंत जाण्याची वेळच येत नसे, की घरमालकांशी संगनमत होते आणि सूचना हा केवळ कागदी खेळ होता?

दुसरी शंका 'उपद्रव' या शब्दाची. तुंबलेली मोरी, अंगणातले डुक्कर, एका खोलीत झोपणारी सात माणसे आणि कारखान्याचे धुराडे हे सारे एकाच शब्दाखाली कसे मोजले जाते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दफ्तरदार

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे.

१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या ९१ व्या कलमात उपद्रवाची व्याख्या आहे आणि तुम्ही वाचत असलेल्या काळात इंग्लंडमधील बहुतेक कारभार तिच्यावरच चालत असे. (लंडनसाठी १८९१ चा आणि स्कॉटलंडसाठी १८९७ चा असे वेगळे कायदे होते, त्यामुळे तिकडचे अहवाल हाताशी असतील तर ते वेगळे ठेवावेत.) आरोग्याला अपायकारक अवस्थेतील कोणतीही वास्तू, घाण झालेले डबके, चर, गटार, संडास, सांडपाण्याची टाकी किंवा राखेचा खड्डा, अपायकारक रीतीने पाळलेले जनावर, साठलेला कचरा, राहणाऱ्यांच्या प्रकृतीला धोका होईल इतकी गर्दी असलेले घर, अस्वच्छ वा कोंदट कारखाना, आणि काळा धूर ओकणारे धुराडे, एवढे सगळे त्या एका कलमात बसवलेले आहे. धुराड्यांच्या बाबतीत राहत्या घरांना सूट होती. शिवाय 'काळा' हा शब्द कायद्यात असल्यामुळे धूर काळा नसून गडद तपकिरी होता, असा बचाव कोर्टात होत असे. १९२६ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. तेव्हा एकाच आकड्यात डुक्कर आणि धुराडे एकत्र मोजलेले दिसले तर तो कारकुनाचा आळस नव्हे, ती कायद्याचीच रचना आहे.

आता खटल्यांविषयी. त्या कायद्याप्रमाणे घाण असणे हा थेट गुन्हा नव्हता, आणि सारे तिथेच आहे. आधी उपद्रव दूर करण्याची नोटीस द्यायची, मुदत द्यायची. मुदतीत काम झाले नाही किंवा उपद्रव पुन्हा होण्याचा संभव असला तर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. त्याने हुकूम काढायचा. आणि तो हुकूमही मोडला तर दिवसाला १० शिलिंगपर्यंत दंड. नोटीस बहुधा घरात राहणाऱ्यावर किंवा उपद्रव करणाऱ्यावर बजावली जाई, पण दोष बांधकामाचा असेल, म्हणजे संडासच नसेल किंवा मोरीच चुकीची बांधलेली असेल, तर ती घरमालकावर बजावावी लागे. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर माणसे गळत जातात. त्यातही १८७५ च्या नोटिशीला नगरपालिकेचा अधिकार लागत असल्यामुळे निरीक्षक तिच्याआधी स्वतःच्या सहीची एक साधी सूचना पाठवून पाहत असे. तुमच्या तक्त्यातील 'अनौपचारिक' रकाना तो हाच. बहुतेक कामे तिथेच मिटत असत, म्हणून पुढचे आकडे आक्रसतात. त्यामुळे शून्य पाहून लगेच संगनमताचा निष्कर्ष काढू नये.

एक ताळा करून पाहा. त्याच अहवालात अन्नभेसळीचा तक्ता वेगळा असेल, आणि तिथे खटले हमखास सापडतील. दुधाच्या बाबतीत १९०१ च्या नियमांनी ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनद्रव्ये ही रेषा आखून दिली होती. दूध त्याखाली गेले की त्यात पाणी घातले किंवा साय काढली असे गृहीत धरले जाई आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येई. नमुन्याचे तीन भाग करून एक विक्रेत्याला, एक रसायनतज्ज्ञाला आणि एक राखून ठेवायचा, अशी रीत होती. तिथे मुदत देऊन सुधारून घेण्याचा प्रश्नच नव्हता. निरीक्षक तोच, गाव तेच, वर्ष तेच. कायद्याचा घाट बदलला की रकाना भरतो.

जुना निरीक्षक

मी स्वतः पुष्कळ वर्षे याच प्रकारची नोकरी केली आहे, अर्थात नंतरच्या काळात. त्यामुळे हे तक्ते वाचताना मला त्यांच्यामागची पायपीट आधी दिसते. कायदा वर उत्तम सांगितलाच आहे, मी कामाविषयी लिहितो.

मोरी नादुरुस्त आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, कारण नळी जमिनीखाली असते. मग ती कशी तपासायची? एक रीत पेपरमिंटच्या तेलाची होती. एक माणूस छपरापर्यंत गेलेल्या वायुनळीच्या तोंडात किंवा घराबाहेरच्या वरच्या टोकाला थोडे तेल ओतून त्यावर बादलीभर गरम पाणी ओतत असे आणि दुसरा माणूस घरात दारेखिडक्या लावून खोलीखोलीत नाक लावून फिरत असे. ज्या खोलीत पेपरमिंटचा वास आला तिथे नळीचा सांधा फुटलेला. यातली गंमत अशी की तेल ओतणाऱ्याने तपासणी संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या हाताला आणि कपड्यांना लागलेला वास सगळी परीक्षा वाया घालवतो. बाटलीचे बूच घरात उघडले तरी तेच. धुराची परीक्षा याहून भरवशाची: तेलकट चिंध्या जाळून भात्याने नळीत धूर भरायचा आणि तो जमिनीतून, भिंतीतून, कधी चुलीच्या मागून कुठे बाहेर येतो ते पाहायचे. सर्वांत कडक पाण्याची : खालचे तोंड बुजवून नळी काठोकाठ भरायची आणि पातळी उतरते का, ते घड्याळ लावून पाहायचे. जुन्या नळ्यांपैकी फारच थोड्या या शेवटच्या परीक्षेला उतरत, म्हणून शहाणा निरीक्षक ती जपूनच वापरत असे. नाहीतर अख्ख्या गल्लीला नोटिसा द्याव्या लागल्या असत्या.

घरात शिरण्याचा अधिकारही घड्याळाला बांधलेला होता. १८७५ च्या कायद्याच्या १०२ व्या कलमाप्रमाणे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेतच प्रवेश मागता येत असे (चालू धंद्याच्या जागी मात्र धंद्याच्या वेळी केव्हाही). आता दिवसाउजेडी गर्दी कशी मोजणार? मुले शाळेत, माणसे कामावर, गाद्या गुंडाळलेल्या. म्हणून इंग्लिश अहवालांतील गर्दीचे आकडे मला नेहमीच लहान वाटतात. ग्लासगोत याचा वेगळा तोडगा होता. तिथे लहान घरांच्या दारावर पत्र्याचा बिल्ला ठोकत आणि त्यावर खोलीचे घनफूट आणि किती प्रौढ माणसे राहू शकतात तो आकडा छापलेला असे. ८ वर्षांखालची दोन मुले म्हणजे एक प्रौढ असा हिशेब. निरीक्षक रात्री दार ठोठावत. मग जास्तीची माणसे कपाटात, पलंगाखाली, कधी छपरावरही सापडत. मोजणी खरी झाली हे मान्य. पण मध्यरात्री कंदील घेऊन गरिबाच्या बिछान्यापाशी उभे राहण्याचे ते काम मला तरी जमले नसते.

आणि संडासांविषयी. उत्तरेकडच्या गावांच्या अहवालांत 'रूपांतर' असा रकाना दिसेल, तो हलक्याने घेऊ नये. मागील अंगणात विटांचा खड्डा, त्यात मैला आणि चुलीची राख एकत्र, आणि रात्री सफाई कामगार येऊन तो उपसणार, ही जुनी पद्धत. तिच्या जागी काही ठिकाणी बादल्यांचे संडास आले, मग पाण्याचे. नॉटिंगहॅमचे आरोग्याधिकारी बूबियर यांनी १८८७ ते १८९६ या दहा वर्षांतील विषमज्वराचे रोगी घरांच्या संडासाप्रमाणे लावून पाहिले : खड्ड्याच्या घरांत ३७ घरांमागे एक रोगी, बादलीच्या घरांत १२० मागे एक, पाण्याच्या संडासाच्या घरांत ५५८ मागे एक. पाण्याचा संडास असलेली घरे मुळात बऱ्या स्थितीतल्या लोकांची असणार, हे धरूनही हा फरक मोठा आहे. म्हणून तुमच्या गावात एका वर्षात किती खड्डे बुजवले तो आकडा मी खटल्यांच्या आकड्याआधी पाहीन.

उलटतपासणी

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण निरीक्षकाला जरा फारच सांभाळून घेतले जात आहे, असे वाटते. कायद्याची शिडी आणि पेपरमिंटचे तेल खरे. पण नोटीस बजावण्याचा निर्णय कोण घेत असे? नगरपालिकेची आरोग्य समिती. आणि त्या समितीत कोण बसत असे? छोट्या गावांत दुकानदार, बांधकामाचे ठेकेदार आणि भाड्याने घरे देणारे मालक. ज्याच्या चाळवजा घरांची मोरी फुटली आहे तोच गृहस्थ समितीच्या बैठकीत 'आणखी सहा महिने मुदत द्यावी' असा ठराव मांडू शकत असे.

आरोग्याधिकाऱ्याची स्थितीही बेताचीच होती. छोट्या गावांत तो बहुधा अर्धवेळ असे, म्हणजे गावातलाच डॉक्टर, ज्याचे रोगी तेच मालक आणि तेच सभासद. त्याची नेमणूक पुष्कळदा वर्षावर्षाने नवी केली जात असे. निम्मा पगार सरकारी मदतीतून मिळत असेल तर त्याच्या नेमणुकीवर आणि बडतर्फीवर लंडनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाचे (स्थानिक संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे) नियंत्रण असे, आणि नेमक्या याच कारणासाठी काही नगरपालिका ती मदत न घेता पूर्ण पगार स्वतः देणे पसंत करीत. या नोकऱ्यांना बऱ्यापैकी संरक्षण मिळाले ते १९२१ च्या कायद्याने. तोपर्यंत अहवालातील सौम्य भाषा म्हणजे पुष्कळदा नोकरी टिकवण्याची भाषा होती. 'समितीचे लक्ष पुन्हा एकदा वेधू इच्छितो' हे वाक्य लागोपाठ चार अहवालांत आले, तर त्यातल्या 'पुन्हा एकदा'वर बोट ठेवावे.

शिवाय नगरपालिकाच उपद्रव करीत असेल तर? १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन्ही शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे कालवे (ऑयस्टर, म्हणजे खाण्याचे समुद्री शिंपले) वाढले गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत पाहुण्यांना विषमज्वर झाला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन (तिथले प्रमुख धर्मगुरू) त्यातच वारले. तपासाअंती कालवे एम्सवर्थ या बंदरगावचे निघाले. त्या गावची गटारे खाडीत, कालवे साठवण्याच्या हौदांच्या लगतच सुटत होती आणि ती गटारे होती वॉर्ब्लिंग्टनच्या स्थानिक कौन्सिलची. कालव्यांचा धंदा बसला. फॉस्टर नावाच्या व्यापाऱ्याने कौन्सिलवर दावा लावला आणि १९०६ मध्ये अपील न्यायालयात तो जिंकला. हा खटला आरोग्य खात्याच्या कुठल्या रकान्यात बसतो? कुठल्याच नाही. ज्यांनी इतरांना नोटिसा द्यायच्या त्यांना नोटीस देणारा रकाना त्या तक्त्यात छापलेलाच नव्हता. टिपणवही यांचे शून्य मी असेही वाचतो.

टिपणवही

तिघांचेही मनापासून आभार. उलटतपासणी यांचा 'पुन्हा एकदा' मी लगेच शोधला आणि तो सापडला : एकाच नाल्याविषयी, थोड्याफार शब्दांच्या फरकाने, ओळीने पाच वर्षे.

आता आणखी एक अडचण. माझ्याकडच्या एका मालिकेत तपासलेल्या घरांचा आकडा १९१० नंतर एकदम चढतो आणि त्याच सुमारास बालमृत्यूही वाढलेले दिसतात. तपासणी वाढूनही मृत्यू वाढावेत, याचा अर्थ काय लावायचा?

गणिती

या दोन चढांचा एकमेकांशी संबंध नाही, असे माझे मत आहे.

पहिला चढ कागदावरचा आहे. १९०९ च्या गृहनिर्माण आणि नगररचना कायद्याने घरांची वेळोवेळी तपासणी करणे हे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले, आणि १९१० च्या नियमांनी पाहिलेल्या घरांची पद्धतशीर नोंद ठेवायला लावली. पूर्वी तक्रार आली की निरीक्षक जात असे. आता गल्ली धरून घरोघर जायचे आणि प्रत्येक घराचा कागद तयार करायचा. त्यामुळे आकडा फुगतो. याच कायद्याने पाठीला पाठ लावून बांधलेल्या, म्हणजे मागच्या बाजूने हवाच नसलेल्या नव्या कामगार-घरांवर बंदी घातली, पण जुनी तशीच राहिली.

दुसरा चढ हवेतला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील मृत्यू १९१० मध्ये १०५, १९११ मध्ये १३० आणि १९१२ मध्ये ९५ होते. १९११ चा उन्हाळा फार कडक आणि कोरडा होता, आणि त्या वर्षी बाळांचा अतिसार सर्वत्र बोकाळला. रस्त्यावर घोड्यांची लीद, अंगणात उघडे खड्डे, त्यावर माशा आणि बाटलीच्या दुधाला बर्फ नाही. अंगावर पिणारी बाळे त्यामानाने वाचत. तेव्हा तुमच्या मालिकेत १९११ चा एकच कळस असेल आणि १९१२ मध्ये आकडा कोसळला असेल, तर नगरपालिकेला त्याचा दोषही देऊ नये आणि पुढच्या वर्षीचे श्रेयही. हे श्रेय घेण्याचा मोह मात्र १९१२ च्या पुष्कळ अहवालांना आवरलेला नाही.

आणखी दोन सापळे आहेत. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत लोकसंख्या अंदाजाने धरत, मागील दशकाच्या वाढीच्या चालीने. ज्या गावातून लोक बाहेर गेले तिथे अंदाज फुगत गेला आणि मृत्युदर खोटाच कमी दिसत राहिला. १९११ ची जनगणना आली की ते उघडे पडले. दुसरे असे की १९११ पासून मृत्यूची नोंद माणसाच्या राहत्या गावाकडे वर्ग करण्याची व्यवस्था सुरू झाली. त्याआधी मोठे रुग्णालय किंवा अनाथालय ज्या गावात असेल त्याच्या माथी परक्यांचेही मृत्यू येत, आणि काही आरोग्याधिकारी स्वतःहून ते वजा करीत, काही करीत नसत. म्हणून १९१० आणि १९११ चे दर शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर तळटीप आधी वाचावी.

साथीच्या रोगांचे आकडे त्यामानाने बरे, निदान १८९९ नंतर, कारण तेव्हापासून देवी, घटसर्प, स्कार्लेट फीवर, विषमज्वर वगैरे रोग कळवणे सगळीकडे सक्तीचे झाले आणि डॉक्टरला खाजगी रोग्यामागे अडीच शिलिंग मिळत. क्षयाचे मात्र तसे नाही. फुप्फुसाच्या क्षयाचे सर्व रोगी कळवणे १९१२ पासून आवश्यक झाले, त्यामुळे त्या वर्षी क्षय 'वाढलेला' दिसला तर दचकू नये.

जुना निरीक्षक

उलटतपासणी यांचे म्हणणे मला मान्य आहे. समितीने मुदत वाढवून देणे म्हणजे काय, ते मी जवळून पाहिले आहे. पण एक सुचवतो. बहुतेक तक्त्यांत खटल्यांच्या अलीकडे 'पुनर्भेटी' असा एक रकाना असतो आणि तो कोणी वाचत नाही. सूचना पाठवून स्वस्थ बसलेल्या निरीक्षकाचा तो रकाना रिकामा असतो. वर्षअखेरीस किती सूचनांची पूर्तता झाली आणि किती शिल्लक राहिल्या, हेही पुष्कळांनी दिलेले असते. ते दोन आकडे आणि कायदेशीर नोटिसा एकत्र ठेवून पाहा.

अडचण एवढीच की पूर्तता म्हणजे काय, ते निरीक्षक ठरवतो. भिंतीला चुना फासला की 'उपद्रव दूर' असे लिहिता येते, आणि ओल मात्र आतच राहते. सामायिक वसतिगृहांना (गरिबांना रात्रीपुरती भाड्याने जागा देणाऱ्या घरांना) तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भिंतींना आणि छताला चुना लावण्याचे बंधनच कायद्यात होते. त्यामुळे तिथे ही पूर्तता दरवर्षी शंभर टक्के दिसेल.

टिपणवही

पुनर्भेटींचा रकाना पाहिला. ज्या गावाचे शून्य मला खटकत होते तिथे पुनर्भेटी पहिल्या भेटींपेक्षाही जास्त आहेत आणि शिल्लक सूचना थोड्या आहेत. शेजारच्या गावी तीन खटले आहेत, म्हणून ते मी कर्तबगार समजत होतो. तिथे पुनर्भेटींचा रकानाच नाही. आणि तो पाच वर्षांचा नाला पहिल्याच गावचा आहे. तक्त्यात तो कुठेही नाही, कारण तो नगरपालिकेच्याच मालकीच्या जागेतून वाहत होता.